लायटनिंग फील्ड : वीज, चारशे खांब आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका माळरानावर स्टीलचे चारशे खांब रोवलेत आणि ते बघायला लोक तिथे मुक्कामाला जातात, हे एकदा घरच्या ग्रुपवर सांगून बसलो. तेव्हापासून प्रश्न संपत नाहीत. काही प्रवासाचे, काही पैशांचे, काही 'याला कला का म्हणायचं' या जातीचे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहितो.

हे नेमकं आहे तरी काय?

वॉल्टर डी मारिया या अमेरिकन शिल्पकाराची 'लायटनिंग फील्ड' ही रचना १ नोव्हेंबर १९७७ रोजी पूर्ण झाली. डाया आर्ट फाउंडेशन या संस्थेने ती करवून घेतली आणि आजही तीच सांभाळते. जागा न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागातली, कॅट्रन काउंटीतली. जवळचं गाव केमाडो. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७,२०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही अठराशे फूट वर.

खांब चारशे. स्टेनलेस स्टीलचे, २ इंच व्यासाचे, वर भाल्यासारखं टोक. पूर्व-पश्चिम ओळीत २५ आणि उत्तर-दक्षिण ओळीत १६, अशी आयताकृती जाळी. दोन शेजारच्या खांबांत २२० फूट अंतर. एवढंच. मधे चबुतरा नाही, पाटी नाही, बसायला बाक नाही. गवत, झुडपं, लांबवर डोंगरांची कड, आणि वर न संपणारं आकाश.

वीज पडताना दिसते का?

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि माझ्या उत्तराने बहुतेकांचा हिरमोड होतो. खांबावर वीज पडताना दिसणं दुर्मीळ आहे. डी मारियाने स्वतः नोंदवलं आहे की त्या परिसरात वर्षाकाठी साधारण ६० दिवस गडगडाट आणि विजा बघायला मिळतात. हंगाम मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पण 'परिसरात' हा शब्द महत्त्वाचा. पठार इतकं मोकळं आहे की तीन-चार वेगवेगळी वादळं एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना चाललेली दिसू शकतात आणि तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असू शकतं.

खांबांवर कोसळणाऱ्या विजेचे जे फोटो सगळीकडे फिरतात, ते बहुतांशी जॉन क्लीट या छायाचित्रकाराने सुरुवातीच्या काळात ठाण मांडून काढलेले. फोटो अफलातून आहेत. पण त्यांनी या रचनेचं थोडं नुकसानच केलं असं माझं मत आहे. लोक त्या फोटोची वाट बघत जातात आणि समोर जे चाललेलं असतं त्याकडे पाठ करून बसतात.

खांब धातूचे, टोकदार, तरी वीज ओढून घेत नाहीत?

घेतात, पण अगदी शेवटच्या क्षणी. ढगात बर्फाचे कण आणि गारांचे बारीक गोळे एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात. सहसा ढगाच्या तळाशी ऋणभार साठतो. तिथून जमिनीकडे जी वाट फुटते ती एका झटक्यात येत नाही, टप्प्याटप्प्याने येते. एकेक टप्पा साधारण ५० मीटरचा. वाट वाकडीतिकडी दिसते ती त्यामुळे. खाली काय आहे, झाड की खांब की माणूस, याच्याशी वरच्या टप्प्यांचा काही संबंध नसतो. वाट जमिनीच्या बरीच जवळ आली की जमिनीवरच्या उंच, टोकदार वस्तूंमधून वरच्या दिशेने ठिणगीचे धागे निघतात. ज्याचा धागा आधी जुळतो त्याच्यावर वीज पडते. मग सगळा प्रवाह त्या वाटेने धावतो, साधारण ३० हजार अँपिअर, आणि ती वाट तेवढ्यापुरती सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त तापते.

डी मारियाच्या टिपणांत आकडा दिला आहे तो असा : वीज खांबांच्या वर सुमारे २०० फुटांवर येते तेव्हाच तिला खांब 'जाणवतात'. म्हणजे मैलभर लांबच्या ढगाला हे खांब आमंत्रण देत नाहीत. दिलं असतं तर आपल्या गावोगावच्या मोबाइल टॉवरखाली कोणी राहिलंच नसतं.

वीज पडलीच तर खांबाचं काय होतं?

विशेष काही नाही. प्रत्येक खांबाला अर्थिंग केलेलं आहे. प्रवाह खांबातून थेट जमिनीत जातो, त्यामुळे पायाचं काँक्रीट फुटत नाही. एका खांबावरून दुसऱ्यावर वीज उडी मारताना आढळलेली नाही. सिनेमात दाखवतात तसं ठिणग्यांचं जाळं वगैरे विसरा. हवेत विद्युतभार फार वाढला तर क्वचित खांबांच्या टोकांवर निळसर तेज दिसू शकतं. जुने खलाशी जहाजाच्या डोलकाठीवर ते बघायचे आणि त्याला सेंट एल्मोची आग म्हणायचे. ते बघायला मिळालं तर लॉटरीचं तिकीट काढायला हरकत नाही.

सगळे खांब एका उंचीचे आहेत का?

नाहीत, आणि गंमत तिथेच आहे. सगळ्यांत ठेंगणा १५ फूट, सगळ्यांत उंच २६ फूट ९ इंच. सरासरी २० फूट साडेसात इंच. माळ दिसतो सपाट, पण त्याला चढउतार आहेत. ते मोजून प्रत्येक खांब वेगळ्या मापाचा कापला, असा की चारशेच्या चारशे टोकं एका पातळीत यावीत. वरून एक अवाढव्य काच ठेवली तर ती सगळ्या टोकांवर सारखी टेकेल, असा हिशोब. खाली जमीन हलतीडुलती, वर अदृश्य पण काटेकोर सपाटी.

जमिनीची मोजणी करायलाच चार-पाच महिने गेले. खांबाचा पाया तीन फूट खोल, एक फूट रुंद. पण काँक्रीट जमिनीच्या फूटभर खाली दडवलं आहे. त्यामुळे खांबाजवळ वाकून बघाल तर चकचकीत नळी सरळ मातीत शिरलेली दिसते. शेजारी गवताचा झुबका, दोन खडे, मुंग्या. ओतकाम केल्याची खूण नाही. ताशी ११० मैल वेगाच्या वाऱ्यात टिकेल अशी बांधणी आहे, हे त्या बारीक नळीकडे बघून खरं वाटत नाही.

मोजमाप मैलात आहे की किलोमीटरमध्ये?

दोन्हींत! पूर्व-पश्चिम लांबी बरोबर एक मैल. उत्तर-दक्षिण रुंदी एक किलोमीटर आणि वर जवळपास ६ मीटर. ते ६ मीटर का, हे कागद-पेन्सिल घेऊन बसलं की कळतं. २५ खांबांत २४ अंतरं, प्रत्येकी २२० फूट, म्हणजे ५,२८० फूट. झाला मैल. १६ खांबांत १५ अंतरं, म्हणजे ३,३०० फूट. किलोमीटर ३,२८१ फुटांचा. अंतर सगळीकडे सारखं ठेवायचं म्हटल्यावर वरचे १९ फूट पदरात आले.

शेतजमिनीचा हिशोब डोक्यात असलेल्यांसाठी : चार खांबांमधला एक चौकोन ४४ गुंठ्यांना थोडा वर भरतो. पूर्ण आयत बरोबर ४०० एकर. चारशे खांब आणि चारशे एकर. मी गुणाकार दोनदा करून पाहिला.

चारशे खांब रोवले, ही कला कशी?

हा प्रश्न आत्याचा. तिला फोनवर दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

एकेका खांबात बघण्यासारखं काही नाही. कारखान्यातला माल आहे तो. डी मारियाचं म्हणणं असं होतं की जमीन ही या रचनेची पार्श्वभूमी नाही, तीही रचनेचाच भाग आहे. त्यात प्रकाश, हवा, अंतर आणि तुम्ही तिथे घालवलेला वेळही आला. ही रचना एकट्याने किंवा अगदी मोजक्या लोकांनी, निदान एक पूर्ण दिवस-रात्र तिथे राहून बघावी, असं त्याने लिहून ठेवलं आहे. घाईत बघितली तर काहीच दिसत नाही, हे शब्दशः खरं आहे : डोक्यावर ऊन आलं की सत्तर ते नव्वद टक्के खांब नजरेआड होतात. दुपारी पोचणाऱ्या माणसाला जवळचे पाच-सात खांब दिसतात आणि तो मनात म्हणतो, फसलो.

मग ऊन कलायला लागतं. स्टीलची एक कड उजळते, मग तिच्या मागची, मग त्याच्या मागची. सूर्य क्षितिजावर टेकेपर्यंत माळभर खांबच खांब झालेले असतात, केशरी, गुलाबी, टोकाशी पांढरे. एका ओळीच्या बरोबर समोर उभं राहिलं तर चोवीस खांब पहिल्या खांबामागे दडतात. अर्धं पाऊल बाजूला सरका, ओळ उघडते. आणखी चार पावलं चाला, कर्णाच्या दिशेने नव्या ओळी तयार होतात आणि जुन्या विस्कटतात. तुम्ही थांबलात की सगळं थांबतं. हे चालत चालत करायचं असतं. पूर्ण आयताला फेरी म्हणजे सव्वापाच किलोमीटर, रमतगमत दोन तास.

आणि ढग जमले तर वेगळंच. वीज पडो न पडो, ती पडू शकते या जाणिवेने माणूस आकाशाकडे ज्या नजरेने बघायला लागतो, ती नजर या खांबांनी दिलेली असते. माझ्या मते रचनेतला विजेचा भाग हाच. निसर्गाची ताकद दगडात किंवा ब्राँझमध्ये 'दाखवणारी' शिल्पं खूप आहेत, लाटा, वादळं, ज्वाळा. डी मारियाने काही दाखवलं नाही. फक्त मोजून जागा तयार केली आणि पुढचं काम हवामानावर सोडलं.

हे डोक्यात अचानक आलेलं नव्हतं. १९६० साली, पंचविशीत असताना, त्याने एक छोटंसं टिपण लिहिलं होतं : नैसर्गिक आपत्तींकडे आपण चुकीच्या नजरेने बघतो, त्या कदाचित माणसाला अनुभवता येणारी सर्वांत उच्च कला असतील. पूर-भूकंप भोगलेल्या माणसाला हे वाचून संताप येईल, आणि यावा. किल्लारी आठवणाऱ्याला हे पटवून सांगायला मी जाणार नाही. पण ते टिपण वाचलं की पुढे सतरा वर्षांनी हा माणूस विजेच्या वाटेत चारशे खांब का उभे करतो, ते लक्षात येतं.

हा डी मारिया कोण?

जन्म १९३५, कॅलिफोर्निया. बर्कलेला शिकला, १९६० मध्ये न्यूयॉर्कला आला. ड्रम उत्तम वाजवायचा. लू रीड आणि जॉन केल यांच्यासोबत एका बँडमध्येही होता, पुढे त्या दोघांनी जगभर नाव कमावलं. त्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांत ड्रमच्या ठेक्यात रातकिडे आणि समुद्राच्या लाटा मिसळलेल्या आहेत. १९७७ हे साल त्याच्या आयुष्यात विलक्षण होतं, एका वर्षात तीन मोठी कामं उभी राहिली (बाकीच्यांबद्दल शेवटी सांगतो). लायटनिंग फील्डच्या आधी त्याने अ‍ॅरिझोनात ३५ खांबांचा लहान नमुना करून पाहिला होता. योग्य माळ सापडावा म्हणून ट्रकमधून नैऋत्य अमेरिकेची राज्यं पालथी घालण्यात पाच वर्षं गेली. २०१३ मध्ये तो वारला. मुलाखती फार कमी दिल्या, फोटो काढू द्यायचा नाही.

जायचं कसं आणि कधी?

हंगाम मे ते ऑक्टोबर. मुक्काम सक्तीचा, एका रात्रीचा. एका वेळी जास्तीत जास्त सहा माणसं. आरक्षण डाया फाउंडेशनकडेच करायचं. जुलै-ऑगस्टच्या तारखा विजांच्या आशेने आधी भरतात आणि त्यांचा दरही जास्त असतो. दर बदलत असतात, संस्थेच्या साइटवर बघा.

जुलै-ऑगस्ट का, तर तिथेही मान्सून आहे! अमेरिकेच्या नैऋत्येत त्याला हेच नाव आहे. कॅलिफोर्नियाच्या आणि मेक्सिकोच्या आखातांकडून बाष्प येतं, दुपारी जमीन तापते, तीन-चार वाजता ढग उभे राहतात. आपल्यासारखी झड नाही लागत. तासाभराचा गडगडाट, मग पुन्हा निरभ्र.

अल्बुकर्कीला विमानाने उतरून गाडीने केमाडो साधारण तीन तास. सोकोरोवरून ६० नंबरच्या हायवेने गेलात तर वाटेत 'व्हेरी लार्ज अ‍ॅरे' ही रेडिओ दुर्बीण लागते : प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या, रुळांवरून सरकवता येणाऱ्या. तिथे तासभर ठेवाच. पुढे 'पाय टाउन' नावाचं गाव आहे आणि तिथे खरोखर पायच (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकतात. केमाडोत संस्थेच्या ऑफिसपाशी आपली गाडी ठेवायची. दुपारी त्यांचा माणूस तुम्हाला माळावर सोडतो, निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी न्यायला येतो.

राहायची-जेवायची सोय?

खांबांच्या कडेलाच जुनं लाकडी घर आहे, पूर्वी त्या माळावर वस्ती करून राहिलेल्या शेतकऱ्याचं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम. ज्यांच्याशी ओळख नाही त्यांच्यासोबत घर वाटून घ्यावं लागू शकतं. सहाही जागा आपल्याच माणसांनी भरल्या तर उत्तम, पण मग गप्पांत रात्र जाते आणि खांब राहतात बाजूला. रात्रीचं जेवण फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं, तुम्ही गरम करून घ्यायचं. न्यू मेक्सिकोची हिरवी मिरची घातलेला एंचिलाडा तिथला ठरलेला पदार्थ आहे. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच सांगा. चहाचं आपलं आपण न्यावं. साखर-आलं-चहापूड यांचं वजन ते किती.

मोबाइलला रेंज नाही.

फोटो, रील, ड्रोन?

बंदी आहे. अनेकांना हा नियम जाचतो. मला आधी जाचला, तिथे गेल्यावर नाही. ड्रोनचं तर डी मारियाने तेव्हाच निकालात काढलं होतं : वरून बघण्यात काही अर्थ नाही, असं त्याचं स्पष्ट मत. उपग्रहाच्या नकाशावर शोधलंत तर दोन इंची खांब तसेही दिसणार नाहीत.

गडगडाट सुरू झाल्यावर खांबांमध्ये फिरलं तर चालतं का?

अजिबात नाही. आधीच धोक्याची जाणीव असल्याच्या कागदावर सही घेतात ती उगाच नाही. 'खांब आपल्यापेक्षा उंच आहेत, वीज त्यांच्यावर पडेल' हा हिशोब चुकीचा आहे. खांबापासून शंभर फुटांवर मोकळ्या माळात तुम्हीच सगळ्यांत उंच असता. जवळ असाल तर जमिनीतून पसरणारा प्रवाह पायांतून जाऊ शकतो. बहुतेक लोक ओसरीत थांबून बघतात. गर्जना कडाडून यायला लागली की तिथूनही आत जावं. वीज चमकल्यावर आवाज यायला लागलेल्या सेकंदांना तीनने भागा, अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. दहा किलोमीटरच्या आत म्हणजे घरात.

विषय निघालाच आहे तर : महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात दरवर्षी माणसं आणि गुरं विजेने दगावतात, बहुतेक शेतात, पुष्कळदा झाडाच्या आडोशाला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आजूबाजूला विजा होत असतील तर इशारा देतं. गावाकडच्या मंडळींच्या फोनमध्ये ते टाकून द्या. न्यू मेक्सिकोला जाणं नंतर बघू.

वयस्कर आई-बाबांना नेता येईल?

तब्येत बघून. ७,२०० फुटांवर हवा विरळ असते, चालताना दम लागतो, रात्री थंडी. खडबडीत जमीन, गवतात साप असू शकतात, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. दवाखाना लांब आहे.

आपल्याकडे असं काही करता येईल का?

करता येईल, करू नये असं मला वाटतं. चारशे एकर रिकामी, सलग, बांधावरून भांडण नसलेली जमीन शोधण्यातच शिल्पकाराची हयात जाईल. आणि सापडलीच तरी तिथे गुराखी असेल, रस्ता असेल, कोणाची तरी विहीर असेल. डी मारियाच्या मते एकांत हेच भूमिकलेचं (लँड आर्टचं, म्हणजे मोकळ्या जमिनीवरच घडवलेल्या अशा कलेचं) सार. ज्या मुलखात वीज ही पंचनाम्याची गोष्ट आहे तिथे तिला कलेसाठी बोलावणं शोभत नाही.

यावर टीका होत नाही का?

होते, आणि बरीचशी रास्त आहे. दिवसाला सहा माणसं, परवडणारीच. कसं बघायचं, किती वेळ बघायचं, फोटो काढायचा की नाही, सगळं शिल्पकार आणि संस्था ठरवणार. कुणी त्याला शिस्त म्हणेल, कुणी हट्ट. मला दर खटकतो, मुक्काम खटकत नाही. गाडीतून उतरून वीस मिनिटांत बघता येण्यासारखं तिथे काही नाहीच.

तिथवर जाणं जमत नसेल तर?

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळींचं नशीब चांगलं आहे. मॅनहॅटनच्या सोहो भागात डी मारियाची दोन कामं फुकट बघता येतात. वूस्टर स्ट्रीटवर पहिल्या मजल्याचं एक अख्खं घर २२ इंच मातीने भरून ठेवलं आहे, ३,६०० चौरस फूट, १९७७ पासून. जिना चढलात की आधी ओल्या मातीचा वास येतो, मग ती दिसते. माती नियमित भिजवतात, कुदळून घेतात, काही उगवलं तर उपटतात. जवळच वेस्ट ब्रॉडवेवर पितळेच्या ५०० कांड्या जमिनीवर पाच ओळींत मांडल्या आहेत, प्रत्येकी दोन मीटर, मिळून एक किलोमीटर. जर्मनीत कासल शहरातल्या चौकात त्याने किलोमीटरभर लांबीची पितळी कांडी उभी जमिनीत उतरवली आहे. वर दिसतं फक्त पाच सेंटिमीटरचं गोल टोक, त्यावर पाय देऊन लोक पुढे जातात. ती १९७७ चीच.

सोहोमधल्या दोन्ही जागा उन्हाळ्यात काही काळ बंद असतात. निघण्याआधी वेळा बघून घ्या.